‘पाडणे’ या क्रियापदाचा कर्ता

निवडणुकीविषयी बोलताना आपण मराठीत जी क्रियापदे वापरतो, ती थोडी निरखून पाहिली तर एक गंमत ध्यानात येते. उमेदवार ‘निवडून येतो’ किंवा ‘पडतो’. या दोन्ही प्रयोगांत मतदार कुठेच दिसत नाही. ऋतू यावा तसा एक जण येतो आणि पिकले फळ गळावे तसा दुसरा पडतो. ‘पाडणे’ या क्रियापदाचे मात्र तसे नाही. तिथे पाडणारा कुणीतरी असावाच लागतो. वर्षानुवर्षे एकाच जागी असलेल्या लोकप्रतिनिधीविरुद्ध जो उभा राहतो, त्याच्या प्रचाराचे खरे काम या वाक्याला कर्ता मिळवून देण्याचे असते, असे मला वाटते. १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांच्याविरुद्ध जॉर्ज फर्नांडिस उभे राहिले, तेव्हा पाटील रेल्वेमंत्री होते आणि मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणून ओळखले जात होते. फर्नांडिसांच्या प्रचाराचा भर आपल्या गुणवर्णनावर नव्हता. पाटलांना तुम्ही पाडू शकता, एवढेच तो मतदारांना सांगत होता. जे वाक्य उच्चारताच येत नाही असे वाटत होते, ते उच्चारता येते हे लोकांना कळले आणि पाटील पडले. खरे तर पाडले गेले.

हे सारे मला आठवले ते मुंबईपासून फार दूर, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल या गावी. नाशिकच्या एका महाविद्यालयात काही वर्षे मराठी शिकवून मी इकडे आले. २०१३ मध्ये अमेरिकेची नागरिक झाले आणि २०१४ मध्ये तिथल्या काँग्रेससाठी, म्हणजे संसदेसाठी, पहिल्यांदा मतदान केले. आमचा मतदारसंघ कॅलिफोर्नियाचा सतरावा. फ्रीमाँटचा काही भाग, न्यूअर्क, मिलपिटास, सँटा क्लारा, क्यूपर्टिनो, सनीव्हेल आणि सॅन होजेचा काही भाग मिळून तो झालेला आहे. हवाई बेटे वगळता, आशियाई वंशाच्या लोकांचे बहुमत असलेला अमेरिकेतील हा पहिला मतदारसंघ. इथे २००१ पासून काँग्रेसमध्ये असलेल्या माइक होंडा यांना रो खन्ना या तरुण वकिलाने आव्हान दिले होते. होंडा त्या वेळी ७३ वर्षांचे, तर खन्ना ३८ वर्षांचे होते.

या लढतीचे वैशिष्ट्य असे की दोघेही डेमोक्रॅटिक पक्षाचेच होते. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये सार्वमताने एक नवी पद्धत स्वीकारली. तिच्यानुसार प्राथमिक फेरीत सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघे, मग ते एकाच पक्षाचे का असेनात, नोव्हेंबरच्या अंतिम फेरीत जातात. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात विद्यमान सदस्य पुन्हा निवडून येण्याचे प्रमाण बहुतेक निवडणुकांत नव्वद टक्क्यांच्या वर असते. ज्या मतदारसंघात एकाच पक्षाचा वरचष्मा असतो, तिथे तर विद्यमान सदस्याला धोका जवळजवळ नसतोच. नव्या पद्धतीने ही तटबंदी थोडी खिळखिळी केली. २०१२ मध्ये शेजारच्याच मतदारसंघात, चाळीस वर्षे काँग्रेसमध्ये असलेल्या पीट स्टार्क यांना त्यांच्याच पक्षाच्या, तिशीतल्या एरिक स्वॉलवेल यांनी हरवले होते. म्हणजे हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शक्य आहे, याचा पुरावा आमच्या कुंपणापलीकडेच होता.

धोरणांच्या बाबतीत होंडा आणि खन्ना यांच्यात अंतर थोडे होते. दोन लेखकांचा आशय सारखाच असेल तर समीक्षकाला शैलीकडे वळावे लागते. त्या उन्हाळ्यात आम्हां मतदारांचेही तसेच झाले. आमच्या टपालपेटीत येणारी प्रचारपत्रके मी जपून ठेवत असे आणि जुन्या सवयीने हातात पेन्सिल घेऊन वाचत असे. होंडांच्या पत्रकांतील क्रियापदे प्रामुख्याने भूतकाळी होती: केले, मिळवून दिले, लढलो. खन्नांची क्रियापदे भविष्यकाळी. एकाकडे चरित्र होते आणि दुसऱ्याकडे प्रस्तावना. ‘विद्यमान’ हा आपला शब्दही मोठा अर्थपूर्ण आहे. जो आहे तो विद्यमान. मग आव्हान देणारा कोण? तो अद्याप ‘नसलेला’. नसलेल्याला स्वतःविषयी बोलताना भविष्यकाळाशिवाय दुसरा काळ उपलब्ध नसतो, हे ध्यानात घेतले तर त्याच्या आश्वासनांकडे आपण जरा क्षमाशीलतेने पाहू शकतो.

तथापि होंडांचा भूतकाळ हा काही केवळ प्रचाराचा भूतकाळ नव्हता. त्यांचा जन्म १९४१ चा, कॅलिफोर्नियातलाच. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, फेब्रुवारी १९४२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशान्वये पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरादारांतून उठवून काटेरी तारांच्या छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. होंडांचे शैशव कोलोरॅडोतील अमाची येथील छावणीत गेले. पुढे ते शिक्षक झाले, मुख्याध्यापक झाले आणि मग राजकारणात आले. २००१ च्या सप्टेंबरनंतर अरब, मुस्लिम आणि शीख नागरिकांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, तेव्हा त्याविरुद्ध बोलणाऱ्यांत ते होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांची जपानने निःसंदिग्ध शब्दांत क्षमा मागावी, असा ठराव प्रतिनिधिगृहाने २००७ मध्ये संमत केला. तो मांडणारे होंडाच होते. आपल्याच पूर्वजांच्या देशाला जाब विचारणारा हा जपानी वंशाचा माणूस मला नेहमीच आदरणीय वाटत आला.

आणि खन्नांचा भूतकाळ? त्यांचे आजोबा (आईचे वडील) अमरनाथ विद्यालंकार स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले होते आणि पुढे लोकसभेचे सदस्य झाले. खन्नांनी पहिली निवडणूक लढवली ती २००४ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, इराक युद्धाला विरोध म्हणून. त्या वेळचे त्यांचे प्रतिस्पर्धी होते टॉम लँटोस, अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये बसलेले नाझी वंशसंहारातून वाचलेले एकमेव सदस्य. त्या लढतीत खन्नांचा मोठा पराभव झाला. एक आजोबांचा तुरुंग, दुसरा लँटोस यांचा श्रमतळ आणि तिसरी होंडांची छावणी, अशा तीन बंदिवासांच्या आठवणी या एका तरुणाच्या राजकीय चरित्रात एकत्र येतात. कादंबरीकाराने हे रचले असते तर आपण त्याला फार जुळवाजुळव केल्याबद्दल दोष दिला असता.

आमच्या मराठी मंडळींत मात्र या गुंतागुंतीची चर्चा क्वचितच झाली. गणेशोत्सवात, दिवाळी फराळाला, मुलांच्या मराठी शाळेबाहेर एकच वाक्य कानावर येई: “आपला माणूस आहे.” खन्ना फिलाडेल्फियात जन्मलेले, त्यांचे घराणे पंजाबी. परंतु परदेशात ‘आपला’ या शब्दाचा परीघ सोयीप्रमाणे रुंदावतो, आणि त्यात वावगेही काही नाही. १९५६ मध्ये दलीपसिंग सौंद याच राज्यातून काँग्रेसवर निवडून गेले. त्यानंतर भारतीय वंशाचा दुसरा सदस्य त्या सभागृहात दिसायला कित्येक दशके जावी लागली. एवढी वाट पाहिलेल्या समाजाला ‘आपला’ म्हणावेसे वाटले तर त्याला हसू नये. माझी अडचण निराळी होती. लेखक आपल्या गावचा, आपल्या जातीचा किंवा आपल्या पिढीचा आहे म्हणून त्याचे पुस्तक श्रेष्ठ ठरत नाही, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आले होते. मतपत्रिकेसमोर तो निकष गुंडाळून ठेवायचा कसा? आणि २००१ नंतर रस्त्यात आमच्याकडे वळणाऱ्या नजरांविरुद्ध जो बोलला, तो ‘आपला’ नव्हता काय?

आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहत. त्याही जपानी वंशाच्या. सँटा क्लारा खोऱ्यातील अनेक कुटुंबांना वायोमिंगमधील हार्ट माउंटन छावणीत नेण्यात आले होते. त्यांपैकी एक त्यांचे. त्या वेळी त्या सहा वर्षांच्या होत्या. २०१४ मध्ये मी त्यांना सरळच विचारले, “होंडा तुमच्यातले म्हणून तुम्ही त्यांना मत देता का?” त्या म्हणाल्या, “आमच्यातले पुष्कळ आहेत. तो विसरत नाही, म्हणून देते.” त्या वर्षी मीही होंडांना मत दिले. कृतज्ञता हा मतदानाचा निकष असावा की नाही, यावर वाद घालता येईल. परंतु ऋण फेडण्याची ओढ असलेल्या संस्कृतीत वाढलेल्या माणसाला ते पहिले मत तसे द्यावेसे वाटले, यात मला काही गैर वाटत नाही. होंडा सुमारे ५२ टक्के मते मिळवून निवडून आले. अंतर पाच हजार मतांहूनही कमी होते. राष्ट्राध्यक्ष ओबामा आणि पक्षाचे नेतृत्व होंडांच्या बाजूने होते, कामगार संघटनाही त्यांच्याच बाजूने होत्या. तंत्रज्ञान उद्योगातील काही बड्या मंडळींचे पाठबळ खन्नांना होते. तरी एवढेच अंतर उरले. ‘पाडता येते’ हे वाक्य आता सगळ्यांना पाठ झाले होते.

पुढील दोन वर्षांत चित्र पालटले. होंडांच्या कार्यालयातील कामकाज आणि निवडणूक प्रचार यांची सरमिसळ झाल्याच्या आरोपांची प्रतिनिधिगृहाच्या आचारसमितीकडून चौकशी सुरू झाली. जून २०१६ च्या प्राथमिक फेरीत खन्ना थोड्या मतांनी पुढे गेले. त्या शरदात शेजारच्या बाई अंगणात पर्सिमनची फळे काढत होत्या. मी पुन्हा विषय काढला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्याला आता घरी येऊ दे. आठवण ठेवायचं काम एकाच माणसावर किती वर्षं टाकायचं?” त्यांनी मत कुणाला दिले हे मी विचारले नाही. मी मात्र त्या वेळी खन्नांना दिले. त्यांना सुमारे ६१ टक्के मते पडली. त्याच दिवशी कमला हॅरिस सिनेटवर, प्रमिला जयपाल आणि राजा कृष्णमूर्ती प्रतिनिधिगृहावर निवडून आले. आणि त्याच दिवशी डोनल्ड ट्रम्प राष्ट्राध्यक्ष झाले.

त्यानंतर जेमतेम आठवडा उलटला असेल. ट्रम्प यांच्या एका समर्थकाने दूरचित्रवाणीवर मुस्लिम देशांतून येणाऱ्या स्थलांतरितांच्या नोंदवहीचे समर्थन करताना, दुसऱ्या महायुद्धात जपानी लोकांबाबत जे केले गेले त्याचा ‘पूर्वदाखला’ म्हणून उल्लेख केला. ज्या माणसाने तो ‘पूर्वदाखला’ तान्हेपणी सोसला होता, त्याला आम्ही त्याच महिन्यात घरी पाठवले होते. माझे मत मी आजही बदलणार नाही. एखाद्याने सोसलेल्या अन्यायामुळे त्याला संसदेतील आसन तहहयात मिळावे, असे लोकशाहीत म्हणता येत नाही. परंतु त्या आठवड्यात शेजारच्या बाईंच्या वाक्याचा उरलेला अर्थ मला उलगडला. एखाद्या प्रदीर्घ प्रतिनिधीला पाडताना आपण केवळ एक व्यक्ती हलवत नाही. तो जे काही वाहून नेत होता, ते खाली उतरते, आणि ते उचलण्याची जबाबदारी पाडणाऱ्यावर येते. पाडणारा म्हणजे निवडून आलेला उमेदवार नव्हे. वाक्याचा कर्ता मतदार आहे. तेव्हा ओझेही त्याचेच.

साहित्यातही आपण हे पाहिले आहे. साठच्या दशकात लघुनियतकालिकांतून लिहिणाऱ्या तरुणांनी प्रस्थापितांना आव्हान दिले. ‘प्रस्थापित’ हा शब्द आपण राजकारणात आणि वाङ्मयात एकाच सुरात उच्चारतो, हे लक्षणीय आहे. त्या बंडखोरांपैकी कितीतरी पुढे अभ्यासक्रमांत आले, म्हणजे प्रस्थापित झाले. यात त्यांचा दोष नाही, तो काळाचा धर्म आहे. खन्ना २०१६ नंतर २०२४ पर्यंतची प्रत्येक निवडणूक जिंकत आले. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जो क्रॉली या जुन्या सदस्याला अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ यांनी आव्हान दिले, तेव्हा खन्नांनी आधी क्रॉलींना पाठिंबा जाहीर केला होता. टीका झाल्यावर त्यांनी दोघांनाही पाठिंबा दिला. कालच्या आव्हानवीराची ही द्विधा मला हास्यास्पद वाटली नाही. विद्यमान झालेल्या माणसाला दुसऱ्या विद्यमानाचे दुःख कळू लागते, एवढेच. दुसरीकडे, उद्योगपतींचा उमेदवार म्हणून ज्यांच्यावर टीका झाली होती, तेच खन्ना येमेनमधील युद्धातून अमेरिकेने अंग काढून घ्यावे यासाठी पुढे सरसावले. तसा ठराव २०१९ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाला, आणि ट्रम्प यांनी तो नाकाराधिकाराने रोखला. २००४ मधील युद्धविरोधी तरुण तिथे मला पुन्हा दिसला. प्रचारपत्रकांवरून मी यातले काहीच ओळखले नव्हते. प्रस्तावना वाचून ग्रंथाची समीक्षा करू नये म्हणतात, ते याचसाठी.

शेजारच्या बाई आता नाहीत. त्यांच्या मुलीने मला हार्ट माउंटनमधील एक छायाचित्र दिले. त्यात बर्फ आहे, लाकडी खोपटांची रांग आहे आणि मोठ्यांच्या कोटात हरवलेली एक मुलगी आहे. रविवारच्या मराठी वर्गात मी ते मुलांना दाखवते. या मुलांची आडनावे जोशी, पवार, कांबळे, डिसूझा; जन्म याच खोऱ्यातला. ती विचारतात, “हिने काय केलं होतं?” मी सांगते, काही नाही. मग ती आपसांत इंग्रजीत बोलू लागतात, आणि मी त्यांना थांबवत नाही.