भिंतीवरची चालती बी

न्हाणीघराच्या ओलसर भिंतीवर काकडीची बी चढताना पाहिली आहे का तुम्ही? करडी, चपटी, दोन्ही टोकांना निमुळती, जेमतेम सेंटीमीटरभर लांब. नीट पाहिलं तर हळूहळू सरकते! ‘कसर लागली’ म्हणून आपण धास्तावतो आणि कपाटात मूठभर डांबराच्या गोळ्या टाकून मोकळ्या होतो.

पण भगिनींनो, आत कोण राहतं ते तरी पाहा. ती एका चिमुकल्या पतंगाची अळी. लोकरीची कसर ज्या टिनिइडी कुळातली, त्याच कुळातली हीही. लोकर खाणाऱ्या ‘टिनिया पेलिओनेला’चं बारसं लिनियसने १७५८ सालीच केलं. आपल्या भिंतीवरची बहुधा तिची चुलतबहीण, ‘फेरोइका’. ही अळी आतून रेशमाचं मऊ अस्तर विणते, बाहेरून वाळूचे कण, धूळ चिकटवते. घराला दारं दोन. एका दारातून डोकं आणि पुढचे सहा पाय काढायचे, घर ओढत न्यायचं. वाटलं तर आतल्या आत उलटून दुसऱ्या दाराने निघायचं. अंग वाढलं की घरही वाढवायचं. (आपल्याला एक खोली वाढवायची तर केवढ्या मिनतवाऱ्या!) कोषही त्यातच. पतंग उडून गेला की पिशवी तिथेच लटकते, म्हणून पुष्कळशा रिकाम्याच असतात.

आणि खाणं? अशा अळ्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला आहे. अळ्यांनी जुनी कोळिष्टकं खाल्ली, लोकर खाल्ली. सुती कापडाला तोंडसुद्धा लावलं नाही.

मग बाळाची सुती झबली-दुपटी डांबराच्या गोळ्यांत कशाला ठेवायची? त्यांतलं नॅफ्थलीन श्वासावाटे, कातडीवाटे बाळाच्या अंगात जातं. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक विकर कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटून जबर कावीळ होऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. ही उणीव कुणात आहे ते तोंडावरून थोडंच कळतं? आमच्या बाळंतविड्याच्या पेटीत मी या गोळ्या येऊच दिल्या नाहीत. सासूबाईंचा चार दिवस रुसवा झाला, पण पुढे त्यांनीच शेजारी सांगितलं.

जपायची ती लोकर. शाली, स्वेटर धुऊन, कडक उन्हात झटकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कपाटामागची कोळिष्टकं आणि पलंगाखालचे केसांचे पुंजके आठवड्याला काढा. तेवढ्यावर फवाऱ्याचं औषध लागत नाही. भिंतीवरची पिशवी कागदावर घेऊन बाहेर टाका. मात्र त्याआधी मुलांना भिंगातून जरूर दाखवा. थोडा धीर धरला तर डोकं बाहेर येतं.