मरणाच्या दिवसाचाही पगार असतो



माझे काम बियाणे, खते आणि फवारणीचे. पण आज विषय वेगळा आहे. शेतकऱ्याच्या घरातला एखादा तरी आता नोकरीला असतो. कुणाचा मुलगा शिक्षक, कुणाचा भाऊ तलाठी, कुणाचे यजमान पंचायत समितीत शिपाई. पाऊस हुकला तर घर त्याच पगारावर निघते. तो माणूस अचानक गेला, तर त्याचा राहिलेला पैसा कसा मिळवायचा, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नसते. मला तरी कुठे होते?

आमच्या पंचायत समितीतले एक परिचर 2021 च्या मे महिन्यात करोनाने गेले. 17 तारीख, पहाटेचे 2. मागे आई, बायको आणि शाळेत जाणारी दोन मुले. अडीच एकर कोरडवाहू, तीही धाकट्या भावाशी सामाईक. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "साहेब, तलाठ्याकडे वारस लावून आणले. आता पगाराचे पैसे मिळतील ना?"

इथेच पहिली गफलत होते. सातबाऱ्यावरची वारस नोंद जमिनीपुरती. पगाराच्या पैशाला तिचा उपयोग नाही. त्याला मृत्यूचा दाखला लागतो. मृत्यूची खबर 21 दिवसांच्या आत द्यावी, म्हणजे पुढची दगदग वाचते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढून ठेवा. प्रत्येक टेबलाला स्वतंत्र प्रत हवी असते. मग कार्यालयप्रमुखांच्या नावे मागणीचा अर्ज करायचा आणि त्याची पोच घ्यायची. पोच घ्या हे मी तीनदा सांगितले, तरी पहिला अर्ज बिनपोचेचा गेला आणि हरवला.

येणे काय काय होते, ते आम्ही एका वहीत लिहिले. मृत्यूच्या दिवसापर्यंतचा पगार. शिल्लक अर्जित रजेचे पैसे, जे जास्तीत जास्त 300 दिवसांचे मिळतात. भविष्य निर्वाह निधी. गट विमा. उपदान. कुटुंब निवृत्तिवेतन. शिवाय सातव्या वेतन आयोगाची थकबाकी. हा आयोग 1 जानेवारी 2016 पासून लागू झाला आणि नवा पगार 2019 मध्ये हाती आला, म्हणून मधल्या 3 वर्षांचा फरक 5 हप्त्यांत द्यायचे ठरले होते. त्यातले बरेच हप्ते यायचे होते. माणूस गेला म्हणून कमावलेला फरक बुडत नाही, पण मागितल्याशिवाय तो आपण होऊन घरी चालतही येत नाही.

पगाराचा हिशेब करताना वहिनींनी विचारले, "ते तर पहाटेच गेले. 17 तारखेचा कसा धरायचा?" कोषागाराच्या नियमांत याचे उत्तर आहे. माणूस गेला त्या दिवसाचा पगार पुरा मिळतो; तो किती वाजता गेला हे पाहायचे नसते. मी सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. 17 दिवसांचा आकडा वहीत त्यांनी स्वतः लिहिला.

मग नावाचे लचांड निघाले. लग्नात नाव बदलायची आपली रीत. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, सेवापुस्तकात सासरी ठेवलेले, आधारवर तिसरेच. कारण आधार काढताना त्यांनी रोजच्या हाकेचे नाव सांगितले होते. एका बाईच्या तीन बायका झाल्या. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. तहसीलला त्यासाठी दोन खेपा आणि खुरपणीचे दोन रोज गेले.

खरी अडचण पुढे होती. निधी आणि गट विमा यांच्या कागदांवर नॉमिनी म्हणून आईचे नाव होते. नोकरीला लागले तेव्हा लग्न झाले नव्हते. लग्नानंतर फॉर्म नव्याने भरायचा असतो, तो राहून गेला. धाकट्या दिराने हे हेरले आणि आईचा अंगठा घेऊन अर्ज दिला, की सगळे पैसे मातेला मिळावेत. हरकत आली की कार्यालय हात आखडते. सहा महिने फाईल जागची हलली नाही. सासू-सुना एकाच घरात, पण चुली वेगळ्या झाल्या. दिराला मी वाईट म्हणणार नाही. भावाच्या दवाखान्यासाठी त्याने बैलजोडी विकली होती आणि ते पैसे कुणी मोजले नव्हते.

नॉमिनी म्हणजे मालक, असे गावात धरतात. तसे नाही. नॉमिनीने पैसे घ्यायचे, पण हक्क वारसांचा. लग्नाआधी आईचे नाव लावलेल्या एका बँक कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये विधवेलाही हिस्सा दिला. उलट, आईला काहीच नाही असे समजणेही चूक. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा, मुलगे, मुली आणि आई एकाच ओळीत बसतात. या घरात वाटे चार: आई, वहिनी आणि दोन मुले. कुटुंब निवृत्तिवेतनाची गोष्ट निराळी. ती वाटायची मिळकत नव्हे. ते नियमाप्रमाणे वहिनींचेच.

रक्कम लहान आणि वाद नसेल तर कार्यालय बंधपत्र आणि जामीनदार घेऊन पैसे देऊ शकते. इथे वाद होता, म्हणून दिवाणी न्यायालयातून दाखला आणायला सांगितले. त्यासाठी वकील, कोर्ट फी आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आली. त्या खर्चाचा अंदाज ऐकून मी मावशींकडे गेलो. सोबत तीच वही नेली आणि चार वाटे वाचून दाखवले. बैलजोडीचे पैसेही वहिनींच्या संमतीने त्यात लिहिले होते. मावशी म्हणाल्या, "मला कुणी वाचूनच दाखवलं नव्हतं. अंगठा दे म्हणाला, दिला."

दुसऱ्या सोमवारी त्या एसटीने एकट्या तालुक्याला आल्या आणि हरकत मागे घेतली. न्यायालयाचा दाखला तरीही लागलाच, पण विरोध नसल्याने लवकर निघाला. पैसे टप्प्याटप्प्याने आले. मावशींचा वाटा त्यांच्याच खात्यावर गेला. चुली अजून वेगळ्याच आहेत.

त्या दिवसांत मी माझे सेवापुस्तक काढून पाहिले. नॉमिनीच्या रकान्यात माझे वडील! ते जाऊन बारा वर्षे झाली होती. लोकांना शहाणपण शिकवणारा मी, कृषी पदवीधर. आस्थापनेच्या टेबलावर नवा फॉर्म मागितला तेव्हा लिपिक हसला. त्याने स्वतःचाही एक काढला.

तुमच्या घरातला नोकरदार पुढच्या सणाला गावी आला, की जेवण झाल्यावर त्याला हे विचारा. अशुभ बोलतो म्हणून रागावला तर रागावू द्या. नॉमिनी कोण, बायकोचे नाव कागदावर कसे लिहिले आहे, सेवापुस्तकाची प्रत घरात आहे का, एवढे कळले तरी पुरे. आणि माणूस गेल्यावर त्याचे एटीएम कार्ड वापरू नका. घरच्यांत संशयाला तेवढेच पुरते. इथेही मुलाने किराण्यासाठी काढलेल्या दोन हजारांवरून बोलणी झालीच होती.

त्या परिचरांचे एक प्रवासभत्त्याचे बिल मात्र अजून अडकले आहे. टपाल घेऊन जिल्ह्याला केलेल्या फेऱ्यांचे, काही शेकड्यांचे. सही करणारे साहेब बदलून गेले. वहिनी म्हणतात, "राहू द्या आता." पण ती तिकिटे त्यांनी जपून ठेवलेली आहेत. नव्या साहेबांच्या टेबलावर मी बिल ठेवून आलो आहे. गुरुवारी पुन्हा विचारायचे आहे.