सैल कुठे सोडायचं

अँटेनाच्या कामात मी सगळ्यात जास्त शिकलो ते खोडदच्या जाळीकडून. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव गाठून पूर्वेला खोडदकडे वळलं की शेतांच्या पलीकडे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसू लागतात. एकूण 30, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. जवळ जाऊन वर पाहिलं की कळतं, तबकडी जवळजवळ रिकामी आहे. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी आणि तिला आकार देणारे ताणलेले तारदोर, एवढंच. जाळीची घरं मध्यभागी 10 मिलिमीटरची, त्यापुढे 15 आणि कडेला 20. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रचना केली. आपल्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा बर्फाचं ओझं पेलणाऱ्या जाड सांगाड्याची गरज नाही, हे त्यांनी ओळखलं. इथे ऐकतात त्या 21 सेंटिमीटरच्या लहरीला 10 मिलिमीटरचं भोक जाणवत नाही, वाऱ्याला मात्र त्यातून वाट मिळते. कडेला जिथे वारा जास्त झोंबतो आणि अँटेनाचं लक्षही कमी असतं, तिथे घरं मोठी केली तरी चालतात.

माझं काम याच्या उलट दिशेचं आहे. खोडदला आकाशातून येणारी क्षीण शक्ती गोळा करतात. मला शक्ती दूरवर पाठवायची असते, तीही तारेशिवाय. शेकडो-हजारो छोट्या अँटेनांचा अ‍ॅरे मायक्रोवेव्हचा बीम तयार करतो आणि दुसऱ्या टोकाचा रेक्टेना, म्हणजे अँटेना आणि डायोड यांची जोडगोळी, त्याची पुन्हा डीसी वीज करतो. अँटेना ज्या दिशेने जेवढं चांगलं ऐकते त्याच दिशेने तेवढंच चांगलं पाठवते, हा निसर्गाचाच नियम असल्यामुळे ऐकणाऱ्यांची शाळा पाठवणाऱ्यालाही चालते.

तरी एक मोठा फरक आहे. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचं स्किआपरेली यान मंगळावर उतरत होतं आणि सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून त्याचा छोटासा रेडिओ खोडदने ऐकला. तो संकेत पृथ्वीकडे रोखलेलाही नव्हता. तेवढ्या अंतरावरून एक वॉट शक्ती चहूकडे सारखी पसरली, तर खोडदच्या तीसही तबकड्यांच्या तोंडावर मिळून जी पडते ती लिहायला दशांशचिन्हानंतर अठरा शून्यं द्यावी लागतात. बातमीला तेवढं पुरतं. वीज मात्र शिध्यासारखी आहे. जेवढी निघाली त्यातली बहुतेक पोचली पाहिजे, नाहीतर पाठवण्यात अर्थ नाही.

किती पोचेल, याचं गणित जॉर्ज गुबाऊ आणि फेलिक्स श्वेरिंग यांनी 1961 मध्येच मांडलं. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला तरंगलांबी गुणिले अंतर याने भागायचं. उत्तर 1 आलं तर फार तर 63 टक्के शक्ती पोचते, दीड आलं तर 90 टक्क्यांच्या जवळ, 2 आलं तर 98. याला पळवाट नाही. पर्वती ते सिंहगड हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे 17 किलोमीटर धरलं आणि 5.8 गिगाहर्ट्झची, म्हणजे सव्वापाच सेंटिमीटरहून थोडी कमी लांबीची लहर घेतली, तर 90 टक्क्यांसाठी दोन्ही टोकांना साधारण 1300 चौरस मीटरचे फलक लागतात. खोडदच्या एका तबकडीचं तोंड याहून थोडं मोठं आहे. ती जाळी या लहरीला चालणार नाही, पण आकाराचा अंदाज येतो: एक तबकडी पर्वतीवर, एक सिंहगडावर.

म्हणून मला वाटतं, दूरवर वीज पाठवण्याचा प्रश्न मुळात क्षेत्रफळाचा आहे. क्षेत्रफळ टाळता येत नाही, ते स्वस्त आणि हलकं करता येतं. त्यासाठी एकच कौशल्य लागतं: कुठे सैल सोडलं तर चालतं आणि कुठे एक मिलिमीटरही सोडायचा नाही, हे ओळखण्याचं.

न सोडण्याची जागा म्हणजे फेज, लहरीचा टप्पा. त्या 1300 चौरस मीटरवर अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने अँटेना मांडल्या तर त्या वीस लाखांच्या घरात जातात. अंतर वाढवून संख्या कमी करता येते, पण ते एका तरंगलांबीपलीकडे गेलं की बीमची जुळी भावंडं भलत्याच दिशांना उगवतात. मग प्रत्येक अँटेनाची लहर ठरल्या क्षणी ठरल्या टप्प्यावर असायला हवी. सरासरी 10 अंशांची चूक असेल तर शक्ती 3 टक्के घटते, 20 अंशांना साडेअकरा टक्के, 30 अंशांना जवळजवळ चौथा हिस्सा. या लहरीचे 10 अंश म्हणजे दीड मिलिमीटरसुद्धा नाही. मे महिन्याच्या उन्हात फलक मधोमध फुगतो, केबलची विद्युत लांबी तापमानाबरोबर सरकते, आणि एवढीशी चूक दुपारपर्यंत आपोआप तयार होते.

ती काढण्याचा उपाय मला खोडदला दिसला. तिथे तबकड्या एकत्र जोडून निरीक्षण करायचं असलं की आधी त्या एखाद्या ओळखीच्या क्वेसारकडे वळवतात. अब्जावधी प्रकाशवर्षांवरचा तो बिंदू सगळ्यांना एकच आहे. त्याच्या लहरी प्रत्येक तबकडीला कोणत्या फेजने मिळाल्या ते पाहून प्रत्येकीची चूक काढतात आणि दुरुस्त करतात. थोड्या वेळाने पुन्हा तेच, कारण आयनांबर आणि यंत्रं दोन्ही बदलत राहतात. वीज पाठवताना क्वेसारची जागा वीज घेणारं स्टेशन घेतं. ते एक मंद पायलट संकेत सोडतं, अ‍ॅरेतली प्रत्येक अँटेना त्याची फेज वाचते आणि नेमकी उलटी फेज लावून शक्ती परत पाठवते. फलक वाकलेला असो की वाऱ्याने हललेला, बीम जिथून हाक आली तिथेच जातो. हाक थांबली की अँटेनांचं एकमत मोडतं आणि बीम विखरून जातो. या कामात मला सगळ्यात देखणी वाटते ती ही व्यवस्था, कारण तिच्यात अचूकपणा आणि सुरक्षितता एकाच युक्तीतून मिळतात.

फेज अशी राखली की बाकी पुष्कळ ठिकाणी हात सैल सोडता येतो. सगळ्या अँटेनांना सारखीच शक्ती दिली तर मुख्य बीमच्या बाजूला साइड लोब, म्हणजे भरकटलेले छोटे बीम, वाढतात. मध्याला जास्त आणि कडेला कमी दिली की ते दबतात. हा उतार गुळगुळीत असायला लागत नाही, चार-सहा पायऱ्यांनी भागतं, म्हणजे ठरावीक मापाचे थोडेच अँप्लिफायर बनवावे लागतात. पॅच अँटेना सर्किट बोर्डाच्या नेहमीच्या एफआर-4 पाटीवर छापली तर पाटी स्वस्त पडते, पण या फ्रिक्वेन्सीला तिच्यावरच्या दहा सेंटिमीटरच्या वाटेतच शक्तीचा तिसरा हिस्सा उष्णता होऊन जातो. महागडी मायक्रोवेव्ह पाटी चौरस मीटरच्या हिशोबाने परवडत नाही. मला भावलेला मार्ग म्हणजे पत्र्याचा पॅच आणि त्याखाली हवा. हवा फुकट आहे आणि ती शक्ती खात नाही. भोसरीतला लेझर कटिंगवाला असे पॅच हवे तेवढे आणि हवे तितके अचूक कापून देतो. पत्र्याखालचं अंतर राखणाऱ्या ठोकळ्यांवर मात्र मी स्वतः व्हर्नियर लावतो.

घेणाऱ्या टोकाला तर फेजचंही बंधन सुटतं. तिथे प्रत्येक अँटेना आपली शक्ती जागच्या जागी डायोडमधून डीसी करते आणि डीसीला फेज नसते. फलक थोडा वाकडा असला, जमीन उंचसखल असली तरी बिघडत नाही. तिथे जपायचं ते डायोडला मिळणाऱ्या शक्तीचं प्रमाण. कमी शक्तीत डायोड धड उघडतच नाही, म्हणून बीमच्या कडेच्या अँटेनांना दोन-चार मिळून एक डायोड द्यावा लागतो.

ही वाट नवी नाही. रेथिऑन कंपनीत विल्यम ब्राउन यांनी 1964 मध्ये मायक्रोवेव्हवर छोटं हेलिकॉप्टर उडवून दाखवलं. 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन इथे 26 मीटरच्या तबकडीतून सुमारे दीड किलोमीटरवर पाठवलेल्या शक्तीतून 30 किलोवॉटहून जास्त डीसी वीज मिळाली. रेक्टेनावर पडलेल्यापैकी 80 टक्क्यांहून अधिक शक्तीची वीज झाली, हा आकडा नेहमी सांगितला जातो आणि तो खरा आहे. पण तबकडीतून निघालेल्या शक्तीचा मोठा भाग त्या फलकावर पडलाच नव्हता, हेही तितकंच खरं आहे. आमच्या क्षेत्रात प्रत्येक टप्प्याची टक्केवारी सुटी सांगण्याची सवय आहे. मीटरपासून मीटरपर्यंतचा एकच आकडा मांडावा, असा माझा आग्रह असतो.

जी शक्ती पोचली नाही ती कुठे गेली, याचं उत्तरही डिझाइन करणाऱ्यानेच द्यायचं असतं. या लहरींसाठी सर्वसामान्य लोकांना सुरक्षित म्हणून मान्य झालेली आंतरराष्ट्रीय मर्यादा चौरस मीटरला 10 वॉट आहे. 2012 मध्ये मोबाइल टॉवरसाठी भारताने तिचा दहावा हिस्सा ठरवला. 10 वॉटचीच मर्यादा पूर्ण बीमला लावली, तर सिंहगडावरच्या त्या मोठ्या फलकाला 13 किलोवॉटच मिळतील. त्याहून जास्त हवं असेल तर बीमच्या वाटेत कुणी येणार नाही याची हमी द्यावी लागते. म्हणून तार नेता येते तिथे तारच न्यावी, हे मी विचारणाऱ्याला आधी सांगतो.

पण तार न्यायची सोयच नाही अशाही जागा आहेत: बराच काळ हवेत राहणारं ड्रोन, पुरानंतर तुटलेल्या वाटेपलीकडचा रिले, आणि अवकाश. पीटर ग्लेझर यांनी 1968 मध्ये अवकाशातून सौरऊर्जा पाठवण्याची कल्पना मांडली. नंतर अमेरिकेत तिचा आराखडा झाला तेव्हा वरची अँटेना 1 किलोमीटर व्यासाची आणि जमिनीवरचा रेक्टेना 10 किलोमीटर रुंद निघाला. 2023 मध्ये कॅलटेकच्या प्रयोगाने हलक्या, लवचीक अ‍ॅरेमधून अवकाशात विजेचं छोटंसं प्रसारण केलं आणि बीम पृथ्वीकडेही वळवून दाखवला. तिथेही प्रश्न तोच आहे: भरपूर क्षेत्रफळ, तेही हलकं.

हे काम शिकायला आलेल्या मुलांना मी म्हणून आधी खोडदला पाठवतो आणि परत आल्यावर दोन याद्या करायला लावतो: तिथे काय काय सैल सोडलं आहे आणि काय काय जराही सोडलेलं नाही. ज्याच्या दोन्ही याद्या लांब असतात, त्याला अ‍ॅरे हातात द्यायला हरकत नसते.