कामठीचा लाल दगड

वालुकाश्म ओळखायला पदवी लागत नाही. अंगठा फिरवला की खरखर लागते, भिंगाखाली वाळूचे दाणे दिसतात, झालं. विद्यार्थी तेवढ्यावर वही मिटतात. मी मात्र विचारतो, हे दाणे एकमेकांना धरून कशाने राहिलेत?

नागपूरजवळच्या कामठी-सिल्लेवाडा भागातला दगड लाल, जांभळट, पिवळा, कधी एकाच तुकड्यात तिन्ही. वाटतं, वाळूच लाल असावी. ताजा तुकडा फोडून दहापट भिंग लावलं की दिसतं, दाणे बहुतेक गारगोटीचे, पांढुरके. लाल आहे तो त्यांच्यावरचा गंजाचा लेप, आणि हाच गंज दाण्यांना सांधतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर दगड ढिम्म. सांधणारा चुना असता तर फसफसला असता. घाव बसला की भेग बहुधा दाण्यांना वळसा घालून जाते. दाणे चिरत गेली, तर हातात क्वार्टझाइट आहे असं समजावं.

गंमत पुढेच आहे. याच लाल थरांच्या खाली बराकर नावाच्या थरांत वेकोलीच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) खाणींचा कोळसा आहे. दलदलीत हवा पोचली नाही, झाडं काळी होऊन टिकली. पुढे नद्यांनी उघड्यावर वाळू पसरली, लोखंड गंजलं. हवामान बदलल्याची नोंद रंगातच आहे. पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा हा सगळा मामला. दख्खनचा काळा कातळ त्यापुढे कालचा पोर.

नागपुरात मिशनरी म्हणून आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी इथली पानांचे ठसे असलेले खडक जमवले. चार्ल्स बनबरी यांनी 1861 मध्ये त्यांवर लिहिलं. त्यातलं ग्लोसोप्टेरिस झाडाचं जिभेसारखं पान दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियातही सापडतं. 1912 मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना मेलेल्या रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीने याच पानाचे जीवाश्म शेवटपर्यंत ओढत नेले होते. आज इथल्या लाल थरांना जगभरचे भूशास्त्रज्ञ 'कामठी' म्हणतात; कामठीकरांना पुष्कळदा त्याचा पत्ता नसतो.

असं पान हवं असेल तर भरड लाल दगड फोडू नका, वाया जाईल. त्याच्यामधली बारीक मातकट पट्टी शोधा, हातोड्याची धार थराला समांतर धरा आणि हळू ठोका.