परमिट परत येईपर्यंत

पनवेल तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी यंत्रचालक होतो. आमचं काम वीज सोडण्याचं, अशी लोकांची समजूत. वीज बंद ठेवणं किती कठीण असतं, हे ३ जून २०२० रोजी, निसर्ग वादळाच्या दिवशी, मी अनुभवलं.

आमच्याकडे २२ केव्हीची लाइन यायची. तिथे ती ११ केव्हीला उतरवून फीडरांवर सोडायची आणि गावातल्या डीपीवर तिचे ४४० व्होल्ट व्हायचे. उपकेंद्रातूनच ४४० व्होल्टवर तेवढी वीज न्यायची म्हटलं, तर प्रवाह २५ पट आणि त्याच तारेतला तोटा ६२५ पट होतो. डोंगरपायथ्याच्या वाडीपर्यंत मग काहीच पोचणार नाही. गावाला दिसते ती दारातली डीपी. उपकेंद्राची आठवण लाइट गेली की होते.

त्या दुपारी वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. आमच्याकडेही झाडं तारांवर कोसळू लागली आणि माथेरानच्या बाजूचा फीडर अर्थ फॉल्टवर ट्रिप झाला. ब्रेकर एकदा लावून पाहिला; तत्क्षणी पडला. फांदी नुसती घासून गेली असती तर तो टिकला असता. तार खाली असणार, असं मी धरलं आणि पुन्हा हात लावला नाही. तार डांबरावर किंवा कोरड्या खडकावर पडली तर कधीकधी इतका कमी प्रवाह वाहतो की रिलेला पत्ताच लागत नाही. फीडर टिकतो, तार जिवंत राहते, आणि अंधारात कुणाचा तरी पाय पडतो.

फोन थांबत नव्हते. एक पोल्ट्रीवाला अक्षरशः रडत होता. "दादा, ब्रूडरचे बल्ब बंद आहेत, पिल्लं गारठून मरतील. दहा मिनिटं तरी सोडा." त्याचं वर्षाचं भांडवल त्या शेडमध्ये होतं. मी नाही म्हणालो. ते 'नाही' आजही जड वाटतं, पण मी ते पुन्हाही म्हणेन.

संध्याकाळी वायरमन लाइनवर काम करण्याचं परमिट माझ्याकडून घेऊन निघाला. एबी स्विच उघडून त्याने तुटलेला भाग वेगळा केला. उपकेंद्रातून लाइन बंद असली तरी कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करावंच लागतं, कारण कुणी चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर लावला, तर वीज डीपीतून उलटी चढते आणि तारेवर पुन्हा ११ हजार व्होल्ट येतात. पोल्ट्र्या आणि फार्महाऊस वाढल्यापासून आमच्या भागात ही भीती फार वाढली होती.

मोबाइलची रेंज गेली होती. रात्री दुसरा एक कर्मचारी भिजत आला. "काम झालंय, लाव." मी लावलं नाही. ज्याने परमिट घेतलं, त्यानेच ते परत करायचं, हा नियम. आलेला माणूस खोटं बोलत नव्हता. तार खरोखरच जोडून झाली होती. पण वायरमन तेव्हा पलीकडच्या टोकाला अर्थिंग काढत होता, हे तो स्वतः आल्यावर कळलं. त्याने कागदावर सही केली, सगळी माणसं खाली उतरल्याचं तोंडानेही सांगितलं. वेळ लिहून मी ब्रेकर लावला. अ‍ॅमीटरचा काटा चढला आणि स्थिरावला.