भंडारा आणि कंबरमोडी

मृग बरसून आठ दिवस झाले की मराठवाड्यातल्या आमच्या शहरालगतच्या साताऱ्याच्या डोंगराचा चेहरा पालटतो. एरवी तो करपल्या भाकरीसारखा, काळपट आणि तापलेला. आता बीड बायपासवरून बघावं तर अंगावर कुणी हिरवा लेप थापल्यासारखा दिसतो. जवळ गेलं की त्या लेपातले जीव वेगवेगळे होतात. आधी टाकळा, मग पिवळा फुललेला तरवड आणि पायवाटेच्या कडेनं, लांब एकट्या दांडीवर माना उंचावून उभी असलेली कंबरमोडी. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळा डोळा. कुणी हिला दगडीपाला म्हणतं, कुणी एकदांडी. इतक्या वेळा पायाखाली येते की कुणी खाली वाकून बघत नाही.

मी बघतो, कारण माझ्या उजव्या गुडघ्यावर तिची सही आहे.

या डोंगराच्या पायथ्याशी खंडोबाचं दगडी देऊळ आहे. माझ्या लहानपणी सातारा हे वेगळं गाव होतं; गुलमंडीमागच्या बोळातल्या आमच्या घरातून चंपाषष्ठीच्या जत्रेला जायचं म्हणजे परगावी निघाल्यासारखी शिदोरी बांधली जाई. मी सात-आठ वर्षांचा असेन. भंडारा उधळत पळताना दगडावर आपटलो आणि गुडघा फुटला. आजीनं आरडाओरडा केला नाही. ती बांधाकडे गेली, खाली बसली, एका रोपट्याला हात लावून तोच हात कपाळाला लावला आणि मगच चार पानं खुडली. तळहातावर चोळून हिरवा-काळा रस जखमेवर पिळला. वर मुठीतला भंडारा दाबला.

‘‘आजी, चरचरतंय!’’

‘‘चरचरू दे लेकरा. झाड काम करतंय.’’

भंडारा म्हणजे हळदच. देवाचा प्रसाद कुठं संपला आणि औषध कुठं सुरू झालं, असा प्रश्न आजीला कधी पडला नसावा. तिच्या लेखी दोन्ही एकाच डब्यात होते. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीनं जखम भरण्याच्या गुणावर एका विद्यापीठाला पेटंट मिळालं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक शोधनिबंध असे पुरावे मांडले गेले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. बातमी वाचताना मी नकळत गुडघा चाचपला होता. साक्षीला हा चालला असता!

पण कंबरमोडीनं मला चकवलंच. आजीच्या आजीपासून, तिच्याही आजीपासून चालत आलेलं हे पान म्हणून मी मोठ्या अभिमानानं मिरवत असे. आमच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एन. नाईक यांनी सहकाऱ्यांसह मराठवाड्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो चाळला तेव्हापासून झाडांची मूळ गावं शोधण्याचा नाद लागला आणि कळलं की कंबरमोडी इथली नव्हेच. ती उष्ण अमेरिकेतून आलेली. दोन दिवस मी खट्टू होतो. मग वाटलं, कुणीतरी एक बाई कधीतरी या अनोळखी रोपट्यापाशी थांबली असेल. ना पोथीत नाव, ना निघंटूत गुण. तिनं पान चोळलं, हुंगलं, कुठल्यातरी लेकराच्या जखमेवर लावलं, रात्रभर जागून पाहिलं. तेवढ्या जागरणावर ही परंपरा उभी आहे. तिला नमस्कार करावा तो त्यासाठी, वयासाठी नको.

मग आजीचा बटवा मी पुन्हा उघडून पाहिला. लेकराचं पोट फुगलं की बेंबीभोवती लावायचा हिंग इराण-अफगाणिस्तानाकडचा. जायफळ मुळात बांदा बेटांवरचं, सातासमुद्रापलीकडचं. तोंड आलं की चावायला दिला जाणारा पेरूचा कोवळा पाला आणि उवांसाठी वाटलं जाणारं सीताफळाचं पान, दोन्ही झाडं अमेरिकेची; सीताफळ तर दौलताबादच्या माळावर असं रुजलं की किल्ल्याइतकंच ते तिथलं वाटतं. या शहराला त्याचं नवल नसावं. पाणचक्की ज्यांच्या दर्ग्यापाशी फिरते ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडून आले आणि इथलेच झाले. दूरच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून त्यांच्या अंगणात आलं, दळण दळू लागलं. झाडंही तशीच आली, कामाला लागली.

आमच्या बोळात तर ही सरमिसळ रोजची. मला खोकला झाला की आजी अडुळशाची पानं, गवती चहा, आलं, ज्येष्ठमध घालून काढा उकळायची. भिंतीपलीकडच्या चाचींकडून जोशांदा यायचा. त्यात उन्नाब, बनफ्शा आणि मुलेठी. मी कपाळाला आठ्या घालून दोन्ही प्यायचो. मुलेठी म्हणजेच ज्येष्ठमध, हे कित्येक वर्षांनी लक्षात आलं. एकच मूळ, एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन नावांनी उकळत होतं.

सगळ्यांत जपून ठेवलेली वस्तू मात्र सहाण. बाळंतिणीच्या खोलीत सकाळी आंघोळ झाली की आजी गुटी उगाळायला बसे. हळकुंडाचा एक वेढा, हिरड्याचा एक, वेखंडाचा जेमतेम अर्धा. जायफळाला ती फार भ्यायची. ‘‘हा झोपवतो, पण किती झोपवेल ते सांगत नाही,’’ म्हणायची. मुरुडशेंगेचे वेढे ऋतू पाहून, बाळाचं पोट पाहून कमी-जास्त. गौताळ्याच्या जंगलात मी पहिल्यांदा ते झुडूप फुललेलं पाहिलं. विटकरी लाल फुलं, शिळी झाली की निळसर करडी पडणारी, आणि त्यांवर चोच खुपसत फिरणारा शिंजीर. त्याच फांदीवर पिळवटलेल्या दोरीसारख्या शेंगा. पोटातल्या मुरड्याला ही पिळाची शेंग पहिल्यांदा कुणी दिली असेल, तर तिनं जंगल एखाद्या चिठ्ठीसारखं वाचलं असावं. ते वाचन प्रत्येक वेळी बरोबर येतं असं मी म्हणणार नाही. आजीही म्हणत नव्हती. सीताफळाचं बी ती पोरींच्या केसांजवळ येऊ देत नसे. ‘‘डोळ्यात गेलं तर डोळा जाईल, पानावरच भागवा,’’ असा दंडक होता. ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही तर लुगडं बदलून सगळ्यांच्या आधी दवाखान्याच्या वाटेला लागणारी तीच. आज बाळाच्या डॉक्टरीणबाई गुटी नको म्हणतात, तेव्हा मी वाद घालत नाही. अर्धा वेढा कुठं थांबवायचा हे माझ्या हाताला येत नाही.

त्या हाताबरोबर पुष्कळ गेलं. पायथ्याचा माळ आता घरांनी भरलाय, आजी बसली होती तो बांध कुठल्या गल्लीखाली गेला ते सापडत नाही. पण परवा पाऊस उघडल्यावर एका नव्या इमारतीच्या कुंपणाला, सिमेंटच्या फटीतून कंबरमोडी वर आलेली दिसली. रखवालदाराचा पोरगा पायानं तिची बोंडं उडवत होता. मी खाली बसलो. हात लावून कपाळाला नेला. पोरगा थांबून बघत राहिला.

‘‘आजोबा, काय हरवलं?’’

मी त्याला नाव सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि हसला.

घरी येऊन सहाण काढली. मधोमध इतकी झिजलीय की पळीभर पाणी मावतं. नातीनं त्यात चार थेंब टाकून बोट फिरवलं आणि हुंगलं.

‘‘कसला वास आहे हा?’’

वेखंडाचा म्हणावा, तर मागून जायफळ येत होतं.