सामान नव्हे, गाडी हलली पाहिजे

सिल्वासा,
20 जुलै

चि. बाळ यास,


तुझा फोन आल्यापासून मामी खुशीत आहे. तू आणि सूनबाई नाशिकहून मोटरसायकलवर येणार, 2 ऑगस्टचा मुक्तिदिन इथे बघणार, मग खानवेल-दुधनी करून परतणार, हा बेत मलाही मनापासून आवडला. 1954 साली याच तारखेला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. सुधीर फडके म्हणजे आपले बाबूजी, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे ही माणसं त्या लढ्यात उतरली होती. ज्या बाबूजींची गाणी ऐकत तू मोठा झालास, त्यांनी ज्या गावासाठी जीव पणाला लावला, ते गाव तू भर पावसात बघायला येतोयस. यावंच.

पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "सामानाचं काय मामा, दोन हुकांच्या दोऱ्या टाकल्या की झालं." तेव्हा मी काही बोललो नाही. रात्रभर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सकाळी कागद घेऊन बसलो.

मामीचा उजवा हात पावसाळ्यात का दुखतो, हे तुला कोणी नीट सांगितलेलं नाही. लग्नानंतरचं दुसरं वर्ष. आम्ही नाशिकहून इकडे निघालो होतो, तू येणार त्याच रस्त्याने. कॅरियरवर वळकटी, तिच्यावर तांदळाची पिशवी आणि पापडाचा डबा. नायलॉनच्या दोरीने मीच बांधलं होतं, घाईत. सावळघाटात पाऊस लागला. दोरी सैल झाली, सामान एका अंगाला कललं आणि दोरीचं लोंबतं टोक चेनमध्ये गेलं. मागचं चाक जागच्या जागी धरलं गेलं आणि गाडी आडवी झाली. वेग कमी होता, मागे ट्रक नव्हता, एवढंच आमचं नशीब. मामीचं मनगट मोडलं. रस्त्याचा दोष नव्हता, पावसाचा नव्हता, गाडीचाही नव्हता. गाठ माझी होती.

त्यानंतर मी हा विषय कधी हलका मानला नाही. तुला माहीतच आहे, माझी सगळी नोकरी इथे पॉलिएस्टर धाग्याच्या कारखान्यात, डिस्पॅचला गेली. धाग्याची खोकी ट्रकवर चढवायची, ताडपत्री टाकायची, दोर आवळायचे आणि गाडी रवाना करायची. तिथे दोन गोष्टी शिकलो. पहिली ही की भार नुसता पडू नये एवढ्याने भागत नाही, तो हलताच कामा नये. हलणारा भार प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक ब्रेकला थोडा सरकतो. सरकला की दोर सैल होतो आणि दोर सैल झाला की पुढच्या खड्ड्याला भार आणखी सरकतो. दुसरी गोष्ट, दोर कशाचा आहे याला फार महत्त्व आहे.

नायलॉन पाणी पितं. ओलं झालं की लांबतं, ताणलं तर आणखी लांबतं. घरी कोरडा आवळलेला नायलॉनचा दोर पावसात तासाभराने ढिला का वाटतो, त्याचं कारण हे. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी घेतच नाही आणि ताणही कमी खातं. म्हणून पावसाळ्यात पट्टा घ्यायचा तो पॉलिएस्टरचा, धातूच्या बकलचा. घेताना दुकानदाराला स्पष्ट विचार. सुती दोरी किंवा सुतळी भिजली की गाठ अशी फुगून बसते की वाटेत सोडवता येत नाही. आणि तुझ्या त्या हुकांच्या रबरी दोऱ्या! रबराचा गुणच ताणण्याचा, म्हणजे सामानाला हलायला जागा देण्याचा. खड्ड्यात सामान उसळलं की हूक निसटतो. बांधताना हातातून सुटला तर थेट डोळ्यावर येतो. पट्ट्यांनी बांधलेल्या सामानावर रेनकोट अडकवायला ती दोरी वापर हवी तर, पण बॅगेचा भार तिच्यावर कधीच सोपवू नकोस.

आता भार कुठे ठेवायचा ते सांगतो. शिखर शिंगणापूरच्या यात्रेत मुंगी घाटातून कावडी वर नेतात, तुझ्या आजोबांबरोबर मी एकदा पाहिल्या होत्या. कावडीचा न्याय साधा आहे: दोन्ही अंगांना भार सारखा. मोटरसायकललाही तोच लागू. रोज सकाळी आमच्या गल्लीत येणाऱ्या दूधवाल्याची गाडी बघ. दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटीत बसवलेले कॅन, सीटच्या खालच्या उंचीला, मागच्या चाकाला लगटून. एका बाजूचं दूध संपवून मग दुसरीकडचं काढायचं, असं तो कधी करत नाही. दोन्हीकडून सारखं काढत जातो. तूही दोन्ही बाजूंच्या बॅगा निघण्यापूर्वी घरच्या काट्यावर तोलून घे. हत्यारं, कुलूप, पाण्याच्या बाटल्या असं जड सामान खाली आणि जितकं पुढे, म्हणजे तुमच्या दोघांच्या जवळ, ठेवता येईल तितकं ठेव. कपडे, पांघरूण असं हलकं वर आणि मागे. जड वस्तू मागच्या चाकाच्याही मागे गेली की पुढचं चाक हलकं होतं, हँडल हातात डुलायला लागतं आणि वळणावर गाडी ऐकेनाशी होते.

दोन माणसं बसल्यावर सामानाला वाटा किती उरतो, याचा हिशेब कागदावर मांड. गाडीच्या पुस्तिकेत गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन दिलेलं असतं. दुसऱ्यातून पहिलं वजा कर. समज, 150 किलो आले. तू 72, सूनबाई 55, म्हणजे 127. दोन हेल्मेट, बूट, रेनकोट धरून 6-7 किलो. उरले 16-17. त्यातच बॅगा आणि त्यांच्या चौकटीही आल्या. एवढ्यात मावत नसेल तर काहीतरी घरी ठेवायचं. उशा-चादरी आमच्याकडे आहेत, मामीच्या लोणच्याच्या बरण्या परतीला मी बसने पाठवीन. मागच्या टायरमधली हवाही पुस्तिकेत दोन माणसांसाठी दिलेल्या आकड्याइतकी भर आणि मागचा शॉक एक-दोन टप्पे कडक करून घे. भरल्या गाडीला ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, ते धरून चालव.

पेटी बसवायचा विचार असेल तर तिचेही नियम आहेत. 2020 साली केंद्र सरकारने मोटरसायकलवरच्या हलक्या पेटीची मापं ठरवून दिली: लांबी 550, रुंदी 510 आणि उंची 500 मिलिमीटर, याहून मोठी नको. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर असेल तर गाडीवर फक्त चालक, आणि दोघं बसायचे असतील तर पेटी मागच्याच्याही मागे. शिवाय 1989 च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण गाडीला असायलाच हवं. त्यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. बॅगा बसत नाहीत म्हणून किंवा गाडी देखणी दिसावी म्हणून कितीतरी मुलं तो काढून टाकतात. तू काढला असशील तर आजच परत बसव. सूनबाईंची ओढणी आणि बॅगेचा पट्टा दोन्हींचा तो राखणदार आहे.

बॅग सायलेन्सरला टेकू देऊ नकोस. पॉलिएस्टर साधारण 260 अंशांना वितळतं, नायलॉनची नेहमीची एक जात 220 च्या आसपासच, आणि इंजिनाजवळचा पाइप त्याहून तापू शकतो. कारखान्यात धागा वितळलेला मी पाहिलाय; तो थेंबाथेंबाने गळतो आणि जिथे पडतो तिथे चिकटतो. बॅग आणि पाइप यांत चार बोटांचं अंतर राख, तेही बॅग पूर्ण भरल्यावर आणि तुम्ही दोघं बसल्यावर मोजलेलं. मागचा दिवा, इंडिकेटर, नंबरप्लेट झाकली जाता कामा नये. घाटात धुकं उतरलं की मागच्या ट्रकवाल्याला तेवढंच दिसतं. टाकीवर बॅग ठेवलीस तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघ. आणि पाठीवर जड पिशवी नको. पडलास तर तिच्यातली हत्यारं तुझ्या मणक्यावर येतील.

पाऊस या वाटेवर भरपूर मिळणार. कपराडा भाग म्हणजे गुजरातमधल्या सर्वांत जास्त पावसाच्या भागांपैकी एक. बॅगेवरच्या पावसाळी आवरणावर विसंबू नकोस. ते वाऱ्याने फुगतं, निसटतं आणि तेही चाकात जाऊ शकतं. कपडे आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून, मग बॅगेत भर. रेनकोट, औषधं आणि प्रथमोपचाराचा डबा सर्वांत वर. लायसन्स, पैसे आणि फोन अंगावर.

सगळं बांधून झालं की पट्ट्यांची उरलेली टोकं गुंडाळून पट्ट्याखाली खोच आणि चिकटपट्टीने बंद कर. माझ्या घाटातल्या चुकीवर इलाज एवढाच होता. मग दोन्ही हातांनी बॅग धरून जोराने हलव. बॅग हलली तर सोडून पुन्हा बांध. हात लावल्यावर सामान नव्हे, अख्खी गाडी हलली पाहिजे. डिस्पॅचला हीच माझी शेवटची तपासणी असायची. त्यानंतर गल्लीत एक फेरी मार, दोन-तीनदा ब्रेक दाब, परत येऊन बघ.

आणि एक वचन दे. पेठ रस्त्याला लागलास की थोड्या वेळाने रामशेज दिसेल. तो गड मोगलांना काही वर्षं दाद देत नव्हता, हे सूनबाईंना तिथे थांबून सांग. चहा घ्या. पण चहाच्या आधी प्रत्येक पट्टा ओढून बघ, कारण निघाल्यावर पहिल्या वीस किलोमीटरांतच सामान बसतं आणि पट्टा ढिला होतो. पुढे सावळघाट आहे. पेठला पुन्हा बघ, कपराड्याला पुन्हा. पाच मिनिटं उशीर झाला तर चालेल, आम्ही जेवायला थांबू.

पाठीमागे बसणारी तुझ्यावर भरवसा ठेवून बसते. चाक तिला दिसत नाही, दोरीचं टोक दिसत नाही. बघायचं काम तुझं आहे. मामीला मनगटाबद्दल विचारलंस तर ती हसून विषय बदलेल, आजवर तिने मला एका शब्दाने बोल लावलेला नाही. म्हणूनच तुला एवढं लिहिलं.

रामशेजला पट्टे तपासून झाले की मला फोन कर. मी फोनजवळच असेन.

तुझा,
मामा